अंगठा पदराला पुसून

अंगठा आधी पदराला पुसायचा, मग फोनवर टेकवायचा, ही आमच्या शेजारच्या वहिनींची रीत. हाताला वाटपाचं खोबरं लागलेलं असो वा नसो. आणि त्याच्याही आधी एक अट: "खाल्ल्याबिगर अंगठो दाबूचो नाय."

मालवणात बंदराच्या वाटेवर त्यांची चार टेबलांची खानावळ होती. पर्यटक यायचे ते फोनवर शोधत. लोकांनी पसंतीचे जास्त अंगठे दिलेली खानावळ यादीत वर, आणि वहिनी पार तळाला, एका पंक्चरवाल्याच्याही खाली.

"ह्या दिवाळीत गिऱ्हाईक इला नाय, तर चूल बंद करून झिलाकडे मुंबईक जातंय," त्या म्हणाल्या. झील म्हणजे त्यांचा मुलगा. मी मदतीला धावले.

मी तेव्हा साठीची पोर. शाळेतून निवृत्त, वर दहा दिवसांचा संगणकाचा वर्ग केलेला. त्यामुळे जगातलं सगळं कळत होतं. "वहिनी, शेजारपाजाऱ्यांकडून अंगठे गोळा करू," मी म्हटलं. त्यांनी काय करावं? तिठ्यावरच्या खानावळीत, म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्याकडे जाऊन जेवल्या, आणि घरी येऊन माझ्यासमोर त्यालाच अंगठा दिला.

"अहो, तो आणखी वर जाईल."

"जाऊंदे. त्येची सोलकढी माझ्यापेक्षा बरी आसा. खोटां कित्या बोलू?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचं भलं त्यांच्या नकळतच करावं लागतं, असं मला वाटलं. मी सात खोटी नावं घेतली, त्यांत माझे कैलासवासी सासरेसुद्धा. प्रत्येकाच्या नावे एक अंगठा आणि वर एक ओळ: 'सुरमई अप्रतिम', 'बांगड्याचं तिखलं अविस्मरणीय'. सासऱ्यांनी हयातीत कोणाच्या हातचं चांगलं म्हटलं नव्हतं. ते मी म्हणवून घेतलं.

दोन दिवस वहिनी यादीत पहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांची खानावळ फोनवरून नाहीशीच झाली. सातही अंगठे एकाच फोनचे, हे त्या यंत्राला कळलं होतं. दिवाळी आठवड्यावर.

कबुली द्यायला गेले तेव्हा त्या कोळंबी सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं.

"सुरमई तू कधी खाल्लंस गो?"

मी जन्माची शाकाहारी.

"एवढां शिकलंस, पण चव घेवक शिकूक नाय," म्हणाल्या आणि हसू लपवायला पदर तोंडाशी नेला. चूल मात्र त्या दिवशी लवकर विझवली.

मी कंपनीला माफीचं पत्र पाठवलं. या वेळी सासऱ्यांना त्रास दिला नाही. खानावळ फोनवर परतली, पुन्हा पंक्चरवाल्याच्या खाली. मालवणात बातमी पसरायला फोन लागत नाही; माझे सात अंगठे आणि वहिनींचा एक, दोन्ही तिठ्यापर्यंत पोचले. ऐन दिवाळीत तिठ्यावरचा खानावळवाला वहिनींच्या दारात उभा. "काकी, माझ्याकडे रांग लागली. धा माणसां तुमच्याकडे धाडतंय. जेवाण आवडलां तर अंगठो देवा, म्हणान सांगितलंय."

शिमग्यापर्यंत वहिनी दुसऱ्या नंबरावर. पहिला तिठ्यावरचा. "सोलकढी," त्या म्हणत.

गेल्या वर्षी वहिनी वारल्या. फोन अजून माणसं पाठवतो. परवा एक जोडपं कुलूप पाहून माझ्या अंगणात आलं. त्यांना तिठ्यावर धाडलं आणि मी फोन उघडून पाहिला. वहिनींच्या खानावळीच्या नावाखाली प्रश्न होता: ही जागा कायमची बंद झाली आहे का?

मी अंगठा पदराला पुसला. पुसतच राहिले.