बांधावरचा चेडोबा

धोंडूबाईला लिहितावाचता येत नव्हतं, पण एक पाटी ती लांबूनच ओळखायची. ‘हात लावू नये.’ ती पाटी जिथे असेल तिथे दोन मिनिटांत एक खाकी कपड्यांतला माणूस यायचा आणि “ओ आजी!” म्हणून खेकसायचा. या जन्मात तिने ज्यांच्याशी मनापासून वैर धरलं, त्यांत या खाकीवाल्यांचा नंबर बराच वर होता.

तिचं घर भिवंडीजवळच्या वळ गावात. त्या वर्षांत वळच्या शिवारात भातापेक्षा गोदामंच जास्त पिकू लागली होती. तिच्या मुलाने, हिरामणने, वरची वरकस माळजमीन एका शेठच्या गोदामाला दिली, दारात क्वालिस गाडी आणली आणि गळ्यात कॅमेरा अडकवला. मग त्याला नाद लागला फिरण्याचा. तोही साधासुधा नाही. लोक सुट्टीत समुद्रावर जातात, हा पडक्या भिंती बघायला जायचा. रस्त्याकडेला पुरातत्त्व खात्याची निळी पाटी दिसली की करकचून ब्रेक. मागच्या सीटवर धोंडूबाई, सून कमळ, नातवंडं हितेश आणि भाविका एकमेकांवर आदळायची.

“आपली पोरा शाळेन मागं पडायला नको,” हिरामण म्हणायचा. “इतिहास कलला पायजे.”

इतिहास कळायचा म्हणजे काय, तर तटबंदीसमोर रांगेत उभं राहायचं, फोटो काढायचा, वेफर्सची पाकिटं फोडायची आणि पुढच्या पाटीकडे निघायचं. धोंडूबाईला हे सगळं थोतांड वाटायचं. पण तिचीही एक खोड होती. तिच्या पिशवीत शेंदराची पुडी आणि तेलाची बाटली कायम असायची. कुठे उन्हातान्हात पडलेला, कुठे काचेमागे कोंडलेला देव दिसला की तिचा जीव तुटायचा. ना दिवा, ना फूल, वर आपल्याकडूनच तिकिटाचे पैसे! मग ती हळूच बोट तेलात बुडवायची, देवाच्या कपाळी टेकवायची, आणि मागून आरोळी यायची, “ओ आजी!”

असंच एका दिवाळीच्या सुट्टीत परतताना एका तालुक्याच्या गावी हिरामणने गाडी थांबवली. जुन्या कचेरीच्या दोन खोल्यांत छोटंसं संग्रहालय होतं. धोंडूबाई कंटाळून आत गेली आणि दुसऱ्या खोलीच्या दारातच खिळली. कोपऱ्यात कमरेएवढा उभा दगड होता. खाली आडवा पडलेला माणूस, त्याच्यावर तलवारीची लढाई, त्याच्यावर तोच माणूस बायांच्या मधोमध, आणि अगदी वर चंद्र-सूर्य.

“यो तं आमचा चेडोबा!” ती ओरडली.

तिच्या खालच्या शेताच्या बांधावर असाच दगड होता, शेताची राखण करणारा चेडोबा. सासूने तिला लग्नाच्या वर्षी दाखवलेला. लावणीआधी त्याला कोंबडा आणि कापणी झाली की पहिल्या लोंब्या. वर्षानुवर्षांच्या शेंदराचं कवच एका पावसाळ्यात खपली धरून गळलं, तेव्हा खाली तिला हेच चंद्र-सूर्य दिसले होते. इथला मात्र कोरडाठाक उभा होता. तिने तेलाची बाटली काढली. खाकीवाला धावला. धोंडूबाईने आवाज चढवला. गोंधळ ऐकून आतून संग्रहालयाच्या बाई आल्या. विद्युल्लता मॅडम त्यांचं नाव. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, हा वीरगळ. गावाची गुरं पळवायला कोणी आलं, त्यांच्याशी लढताना गावातला एखादा मेला, की गाव त्याच्यासाठी असा दगड उभा करायचं.

धोंडूबाईने तेलाची बाटली पिशवीत ठेवली. इतकी वर्षं देव म्हणून पुजला, तो कुणाचा तरी मुलगा होता. तिला तो आणखीच आपला वाटला.

“आमचे शेतान हाय तो याच्याहून मोठा हाय,” ती छाती फुगवून म्हणाली. “वळला या. धोंडूबाईचा घर विचारा, कोनी पन दावल.”

“नक्की येते,” मॅडम म्हणाल्या.

हिरामणचा चेहरा पडला, तो घरी येईपर्यंत वर आलाच नाही. कारण चेडोबाचं ते खालचं शेतही त्याच शेठला द्यायचं ठरलं होतं. आधी बांधाशी देऊळ बांधू, मग मुरुमाची भरणी करू, असा शब्द त्याने आईला दिला होता. त्याच शब्दावर तिने कागदावर अंगठा उठवला होता.

“आये, तुना बोलायची काय गरज व्हती?” रात्री जेवताना तो म्हणाला. “सरकारी मानूस आला तं जमीन अडकल.”

“अडकू दे. तो आधीपासना उबा हाय. तू मागून आलास.”

पुढच्या रविवारी सकाळी हिरामणला भलताच उमाळा आला. “चला, बोरिवलीला! नॅशनल पार्क!” आईला खिडकीची जागा दिली, वाटेत उसाचा रस पाजला. जाळीच्या बसमधून सिंह दाखवला. “हात बाहेर काढू नका,” बसवाला ओरडला तेव्हा धोंडूबाई खळखळून हसली. “इथं पन हाय का रं तुजी पाटी!” बऱ्याच दिवसांनी मुलगा आपल्याशी गोड वागतोय म्हणून म्हातारी दिवसभर हरखलेली होती.

परतताना मानकोलीच्या नाक्यावर रिकाम्या डंपरांची रांग समोरून आली. गाव जवळ आलं आणि तिने खिडकीतून आपल्या शेताकडे बघितलं. शेत नव्हतं. बांध नव्हता. लाल मुरुमाचं सपाट मैदान होतं आणि त्यावर रोलर फिरत होता.

गाडी थांबायच्या आत तिने दार उघडलं. “मेरा देव किदर हाय?” ती रोलरवाल्याच्या अंगावर धावून गेली.

तो गोंधळला. “अम्मा, हमको तो बोला था, इतवार को काम निपटाओ, घर में कोई नहीं रहेगा।”

घर में कोई नहीं रहेगा! म्हणून खिडकीची जागा. म्हणून उसाचा रस. म्हणून सिंह! धोंडूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटच्या पोराने तिला सहलीला नेलं होतं ते वाट मोकळी करायला.

“आये, दगडच व्हता तो,” हिरामण चाचरत म्हणाला.

“दगड? मंग इतकी वर्सां दगडांचं फोटू काढाला आमाना गावोगाव कोन फिरवत व्हता रं?”

कमळने पदर तोंडाला लावला.

शब्द पाळला तो विद्युल्लता मॅडमनी. आठवड्याच्या आत त्या खरोखर आल्या, उन्हातून, एसटीने. हिरामण अंगणातच आडवा आला. “म्हातारीला भास होतात मॅडम. इथं काय नव्हतं.” ओटीवर बसलेल्या धोंडूबाईने ते ऐकलं. ती उठली, मॅडमचा हात धरला आणि थेट मुरुमावर नेऊन उभं केलं.

“इथं खाली हाय.”

“फोटो आहे का एखादा?” मॅडमनी विचारलं. “एक जरी असला तरी मी वर लिहिते.”

भाविका धावत जाऊन कॅमेरा घेऊन आली. सगळ्यांनी बटण दाबून दाबून बघितलं. बुरूज होते, तोफा होत्या, परक्या गावांचे नाक तुटलेले देव होते. सिंहही होता. घरापासून हाकेच्या अंतरावरचा चेडोबा एकाही फोटोत नव्हता. मॅडम हळहळल्या आणि रिकाम्या हाताने परत गेल्या. त्या दिवसापासून धोंडूबाई मुलाशी एक अक्षर बोलली नाही. सहली बंद झाल्या. ती गाडीत बसेचना.

गोदाम उभं राहिलं. उद्घाटनाच्या सकाळी तिने आपणहून पायात चपला घातल्या आणि हिरामणचा जीव भांड्यात पडला. आई निवळली! त्याने तिला पुढे घातलं. आत आरशासारखी फरशी, पूजा मांडलेली, शेठ हात जोडून उभा, दोन्ही बाजूंची शटरं सताड उघडी. धोंडूबाई पूजेकडे गेलीच नाही. एका शटरातून शेजारच्या केसरीनाथच्या विहिरीवरची चिंच दिसत होती, दुसऱ्यातून विजेच्या तारांचा टॉवर. भात लावताना चेडोबापाशी कंबर सरळ केली की तिला हेच दोन दिसायचे. चिंच आणि टॉवर दोन्ही नेहमीच्या जागी येईपर्यंत ती सरकत राहिली, मग मधोमध खाली बसली. हातभर इकडेतिकडे झालं असेल. त्याला ती काय करणार?

तिने पिशवी उघडली. तेलाची बाटली त्या चकचकीत फरशीवर रिकामी केली, वर शेंदराची पुडी उपडी केली आणि हाताने चोळचोळ चोळली. मग नारळ आपटला.

“अरे, ये क्या कर रही है?” शेठ किंचाळला. गणवेशातला वॉचमन फडकं घेऊन धावत आला. “ओ आजी! ओ आजी!”

धोंडूबाईने लाल हात वर केला.

“हात लावायचा न्हाय!”

वॉचमन जागीच थबकला. गोदामभर कुणी हलेना. हिरामण तिच्यासमोर येऊन उभा राहिला, कॅमेरा नेहमीसारखा गळ्यात. कित्येक महिन्यांनी तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

“काढ आता फोटू,” ती म्हणाली. “खाली मानूस हाय.”