खुशालचे खोटे देव

आमच्या खुशालने तीन वर्षांत सतरा देव केले आणि सतराच्या सतरा खोटे निघाले. दगडामातीचे नव्हेत, वहीतले. खुशाल भीमपूरकडच्या एका मराठी शाळेत मास्तर आहे आणि दर रविवारी दुपारी त्याच्या ओसरीवर आम्ही एक खेळ खेळतो. खुशाल एक जग सांगतो: त्यातली राज्यं, जंगलं, पंथ, देव. आम्ही त्या जगातला एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. हैदराबादेत बी.एड. करताना होस्टेलमध्ये तो हे शिकला. माझी आई म्हणते, पोरगा शिकायला गेला आणि सोंगट्या घेऊन आला.

खेळणारे आम्ही दोघंच. एक मी, पंकज, घरची कापूस-सोयाबीनची शेती पाहणारा. दुसरी खुशालची मावसबहीण प्रीती, मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसील कचेरीत, क्लार्क. खेळात ती चोर असते आणि मन लावून चोऱ्या करते. मी भक्त असतो.

खुशालचे पंथ ऐकण्यासारखे असतात. उपासाच्या दिवशी फक्त दुसऱ्याच्या घरी जेवणारे लोक. नदीला सासू मानून तिच्यासमोर डोक्यावर उपरणं घेणारे पुरुष. आणि या सगळ्यांना पुरून उरणारा चकव्या. शिवारात माणसाला चकवा लागतो, मग तो एकाच बांधावर फिरत राहतो; त्यावरून खुशालने हा ठक काढला. कुठल्याही देवळात जा, किती का दिव्य करा, शेवटी मूर्तीमागे चकव्याच बसलेला, नैवेद्य खात. पहिल्यांदा आम्ही पोट धरून हसलो. दहाव्यांदा कोणी हसलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझा भक्त चार महिन्यांचे रविवार चालून डोंगरावरच्या देवीपाशी पोचला. वाटेत त्याचा एक डोळा गेला होता. मूर्तीमागून चकव्या निघाला, खोबरं चावत. मी खरोखर चिडलो.

"तुमच्यात देव मानत नाई," मी म्हणालो, "पण आमाले काऊन एकबी खरा भेटू देत नाई?"

तुमच्यात हा शब्द तोंडातून गेला तो गेलाच. खुशालचं घर बौद्ध, हे मला काय नवीन नव्हतं. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो. तो रागावला नाही. म्हणाला, खरा देव करायलाच तो बसतो, देवळाच्या दारापर्यंत सगळं नीट होतं, आणि मग हात आपोआप चकव्याकडे वळतो. प्रीतीने सरळ सांगून टाकलं, पुढचाही खोटा निघाला तर ती यायची नाही. मीही तिच्या होला हो केलं. खुशालचा चेहरा उतरला. त्याची बायको अर्पिता बेज्जूरला नर्स आहे, महिन्यातून दोनदा येते. हा खेळ मोडला तर त्याच्या रविवारात पोरांच्या वह्या तपासण्याखेरीज काही उरत नव्हतं. त्याने आपली वही माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, या वेळी तूच देव कर, मी खेळतो.

मला वाटलं, त्यात काय? जन्मापासून देवांतच वाढलो. कापसाची वेचणी चालू होती तरी पंधरा दिवसांत मी देवी लिहून काढली. अगदी खरी देवी, हाकेला ओ देणारी. तिला सभामंडप दिला, गाभारा दिला, पितळी उंबरठा दिला, दारावर पुजारी ठेवला. डोकं खाजवावं लागलं नाही. सगळं पाहिलेलंच होतं.

तो रविवार आला. खुशाल पहिल्यांदाच समोरच्या बाजूला बसला होता आणि त्याला मजा येत होती. त्याने एक वाटसरू घेतला, पाठीवर चटई असलेला. फासेही चांगले पडत होते. पूर आलेली नदी त्याने ओलांडली, प्रीतीच्या चोराला बुडताना ओढून काढलं आणि दोघं देवळाशी आले. उंबरठ्यावर मी पुजाऱ्याच्या आवाजात विचारलं, "कोन्या गावचा? कोनाचा?"

आवाज पुजाऱ्याचा नव्हताच, माझ्या आजोबांचा होता. आमच्याकडे 'कोनाचा' म्हणून जातच विचारतात, ते सगळ्यांना कळतं. खुशालचे आजोबा आमच्याच घरी सालगडी होते. आमच्या महादेवाच्या देवळाच्या भिंतींना दरवर्षी बाहेरून चुना त्यांनीच लावला.

"दादा, खोटं सांग अन् फासा टाक," प्रीती हळूच म्हणाली.

खुशालने फासा खाली ठेवला. त्याच्या वाटसरूने पाठीवरची चटई काढली, देवळाबाहेर अंथरली आणि तो तिच्यावर बसला. "इथून बी दिसते," खुशाल म्हणाला. बस, तेवढंच.

आता देवीने बोलायचं होतं. तीन वर्षं मी जिच्यासाठी भांडलो ती खरी देवी आत बसली होती, तिचा आवाज माझ्याकडे होता, आणि मी वही मिटली. मला लाज वाटली. दाराशी पुजारी ठेव, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. तो प्रश्नही कोणी माझ्या तोंडात घातला नव्हता.

"मी मुद्दाम नाई केलं," मी म्हणालो.

"मालूम हाये."

"एक रविवार दे. पुन्हा करतो."

"घे ना," खुशाल म्हणाला. "माह्यं बी तेच होऊन राह्यलं तीन वर्षांपासून. दारापाशी आलो का तो प्रश्न येते. मंग मी चकव्यालेच आत धाडतो. त्याले कोनी इचारत नाई."