लंडन सव्वाबारा

बेगडेवाडीजवळच्या रेल्वे फाटकावर रखमाजींची बत्तीस वर्षं गेली. निवृत्त झाले, तरी कुठली गाडी कुठून किती वाजता सुटते आणि कुठं किती वाजता पोचते, हे ते पाठ सांगत. ऐकायला कुणी नसलं तरी सांगत.

त्यांची मुलगी सविता नर्सच्या नोकरीसाठी लंडनला निघाली, तेव्हा विमानाचं तिकीट त्यांनी चष्मा पुसून वाचलं. मुंबई सकाळी सात, लंडन दुपारी सव्वाबारा. अंतर सात हजार दोनशे किलोमीटर, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

"सव्वापाच तास!" त्यांनी अख्ख्या परंदवडी गावाला ऐकू जाईल असं जाहीर केलं. "नागपूरला जायला अख्खी रात जाती, आन् ही पोरगी दुपारी लंडनात जेवनार!"

आदल्या रात्री निरोपाला गाव लोटलं होतं. सकाळी घरभर शेंगांची टरफलं, चुरमुरे आणि हारातल्या झेंडूच्या पाकळ्या. पण रखमाजींच्या बायकोनं, अंबूबाईंनी, केरसुणीला हात लावला नाही. गेलेलं माणूस मुक्कामी पोचल्याशिवाय मागं केर काढायचा नसतो.

सव्वाबारा वाजले. रखमाजी म्हणाले, "पोचली. घे केरसुणी."

"फोन कुटं आलाय?"

"अगं, गाडी फलाटाला लागल्यावर मानूस आदी सामान उतरवतं!"

बत्तीस वर्षांच्या अनुभवावर विसंबून अंबूबाईंनी केरसुणी घेतली. घर लख्ख झालं, केर उकिरड्यावर गेला.

इतक्यात शेजारची प्रतीक्षा फोन नाचवत आली. ती लोणावळ्याच्या हॉटेलात रिसेप्शनला. "मावशी, बघा, सविताचं विमान तुर्कस्तानावर! अजून चार तास."

"सव्वाबारा वाजून गेले की!" रखमाजी म्हणाले.

"आबा, ते लंडनच्या घड्याळातले. ते आपल्या साडेचार तास मागं."

"एका तिकिटावर दोन घड्याळं? कन्याकुमारीपातूर जावा, आमच्या रेल्वेत घड्याळ एकच!"

अंबूबाईंनी दारातून उकिरड्याकडं पाहिलं. "पोर हवेत, आन् म्या तिच्या मागं केर काढला." नवऱ्याला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. रखमाजी घाबरले ते त्यामुळं.

त्यांनी घमेलं उचललं, उकिरडा गाठला आणि केर परत आणला. टरफलं दाराशी, चुरमुरे खिडकीखाली, असं मांडत सुटले.

"झेंडू तितं नव्हता," अंबूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "देव्हाऱ्याकडं व्हता. आन् ही कोंबडीची पिसं आपली न्हाईत."

"असू दे. जास्तीचा केर झाला तर वाईट न्हाई."

साडेपाचला फोनवर सविताचा हसरा चेहरा उमटला. "आई, उतरले गं! अगं, हे काय? मी गेले, आणि घराचा उकिरडा केलात?"

"तुज्या बाचा हिशेब हाय त्यो!" अंबूबाईंना एकदाचं हसू फुटलं. त्यांनी केरसुणीकडं हात नेला, तर रखमाजींनी ती आधीच बगलेत मारली होती.

"थांब," ते म्हणाले. "अजून विमानतळावरच हाय ती. खोलीवर पोचू दे."