माळावरची झोपडी

प्लेगच्या साथीत मी निपाणीत घरोघर फिरून आजाऱ्यांना दवाखान्यात पोचवायचो. लोक देवमाणूस म्हणायचे; देवमाणसाचेही पाय दुखतात, हे कुणाच्या गावी नव्हतं. घरी दोन घास खायचे, तेही उभ्या उभ्या. शेवटी मलाच ताप भरला. प्लेगच असणार म्हणून गावाबाहेर माळावरच्या झोपडीत मला एकट्याला ठेवलं. बायको रोज भाकरी आणून लांब दगडावर ठेवायची आणि बाभळीखाली बसून बोलत राहायची. लग्न झाल्यापासून मी तिचं एवढं कधी ऐकलं नव्हतं.

ताप साधाच निघाला. डॉक्टरांनी सोडल्याचं मी तिला ओरडून सांगितलं. तिनं देवाला हात जोडले आणि परत बाभळीखाली बसली.

"आजचा दिस ऱ्हावा की हितंच," ती म्हणाली. "एकदा गावात शिरलासा की तुमी काय माझ्या वाट्याला यायचं न्हाय."