नवरदेवाच्या पाटावर तलवार

त्या लग्नाची घटना आजही जशीच्या तशी आठवते, आणि आजही संताप येतो.

दुसरं महायुद्ध चालू होतं. सातारा जिल्ह्यात, औंध संस्थानाच्या हद्दीला लागून असलेल्या एका ठाण्यात मी नवाच फौजदार होतो. पोलिसात येण्याआधी बालविवाहाविरुद्ध पत्रकं वाटत हिंडलो होतो. हिंदू असोत की मुसलमान, पोरींचा बळी देणारे सगळे एकाच माळेचे मणी, असं त्यांत छापलेलं असे. मला ते तंतोतंत पटलेलं होतं.

एका सकाळी हजेरी चालू असताना गावोगाव बांगड्या भरणारा एक म्हातारा मुसलमान ठाण्यात आला. त्याला सगळे चाचा म्हणत. शेजारच्या गावात तो नवरीला चुडा भरून आला होता. म्हणाला, "साहेब, बारक्यातली बारकी बांगडी घातली, ती पार कोपरापतूर गेली. लय ल्हान हाय पोर." तक्रार दे म्हटलं, तर अंगठा उठवायला तयार नाही. त्याच गावात त्याला पोट भरायचं होतं.

आणि कायदा असा, की तक्रारदार नाही, कोर्टाचा हुकूम नाही, तर पोलिसानं नुसतं बघत बसायचं! तरी एक शिपाई घेऊन मी निघालो. मुहूर्त संध्याकाळचा होता.

मांडवात नवरदेव नव्हताच. त्याच्या पाटावर तलवार ठेवलेली, मुठीला मुंडावळ्या. नवरा आफ्रिकेत लढाईवर होता. अशा वेळी मुलाचा खांडा, म्हणजे तलवार, पाठवून लग्न लावायची काही घराण्यांत जुनी रीत होती. मुलीचा आजा पहिल्या महायुद्धातला सुभेदार. तलवारीकडे बोट दाखवून म्हणाला, "घाला की बेड्या नवरदेवाला." सगळा मांडव हसला.

मी त्याला बाजूला बसवून जबाब घ्यायला लागलो. कायदा सांगितला, शिक्षा सांगितली. तो ढिम्म. फार झालं तर मांडव उचलून औंधच्या हद्दीत नेतो, म्हणाला. तिथं माझी टोपी चालत नव्हती. पुढं म्हणाला, लग्न म्हणजे फक्त अक्षता. पोरगी शहाणी झाल्याशिवाय नांदायला धाडायची नाही. आपले डोळे मिटायच्या आत तिला घर मिळालं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. माणूस दुष्ट नव्हता, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

चाचा पाहुण्या बायकांना बांगड्या भरत जवळच बसला होता. आम्ही ओळख दाखवली नव्हती. सुभेदारानंच त्याला हाक मारली. "चाचा, तुमच्यात बी ल्हानपणीच हुतंय का न्हाई?"

"हुतंय की. माझ्या पोरीचं बी झालं," चाचा म्हणाला. "पण आमच्यात नवरा परगावी असला तर त्यो वकील नेमतो, साक्षीदारांम्होरं कबुली देतो. तवा निकाह. तुमच्या जावयानं कबुली कुणाजवळ दिली, सुभेदार?"

सुभेदारानं वळून व्याह्याकडं पाहिलं. मी मुलाच्या बापाला समोर बोलावलं. आधी तो उडवाउडवी करत होता. मुलाला कधी कळवलं, त्याचं उत्तर काय आलं, हे खोदून विचारल्यावर म्हणाला, "त्याला काय कळवायचं? आल्यावर कळंल की."

सुभेदार ताडकन उठला. "तिकडं गोळ्या खातोय त्यो, आन् इकडं तुमी त्याला न इचारता लगीन लावताय व्हय?" पाटावरची तलवार उचलून त्यानं व्याह्याच्या हातात दिली. वऱ्हाड तसंच परत गेलं.

निघताना मी चाचाला विचारलं, तुझ्या पोरीची कबुली घेतली होतीस का? "घेतली की. आईनं मागनं मान वाकवली तिची," तो हसत म्हणाला, आणि मग हसायचा थांबला.

पत्रकांत छापलेलं अर्धंच खरं निघालं. प्रत्येकाच्या धर्मात, रिवाजात पोरगी अडकवायची रीत वेगळी, तसा अडवायचा दरवाजाही वेगळा. तो शोधल्याशिवाय नुसता कायदा वाचून दाखवणं फुकट. पुढे नोकरीभर मी आधी तो दरवाजा शोधला, आणि मगच कायद्याचं पुस्तक उघडलं.

पण एक काटा राहिलाच. जाताना मी सुभेदाराला म्हटलं, "मुलाला विचारलं नाही म्हणून लग्न मोडलंत. आणि नातीला?"

तो खरोखरच बुचकळ्यात पडला. म्हणाला, "तिला काय इचारायचं, साहेब? ल्हान हाय की ती."

"एवढंच तर मी मघापासून सांगतोय," मी म्हणालो.