वरच्या डेकचा अर्ज

एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि चौथ्या दिवशी मी आगाशीहून आफ्रिकेला निघालो. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. माझे थोरले भाऊ, अण्णा, मोंबासाला रेल्वेच्या कचेरीत होते. त्यांनी मला दुसऱ्या वर्गाचं जाण्यायेण्याचं तिकीट पाठवलं होतं. समुद्रापलीकडे जाणारी माणसं आमच्याकडे तोवर फार थोडी, त्यामुळे निरोपाला अर्धी आळी जमली. बायकोने अण्णांसाठी सुकेळी (सोलून उन्हात वाळवलेली पिकली केळी) बांधून दिली. निर्मळच्या मामांनी सोनचाफ्याची फुलं आणली. नवा सूट घालून, घामाने चिंब होऊन, मी टांग्यात बसलो. मी शाळेत इंग्रजी शिकवणारा मास्तर. बोटीवर साहेबलोकांशी बोलताना आपलं अडणार नाही, याचा मनातून मोठा अभिमान होता.

मुंबईच्या गोदीत बोट पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिचं टोक बघायला मान मागे टाकावी लागली. खाली काळीभोर, वर पांढऱ्या मजल्यांची. आमच्यासाठी पुढे कठड्याचा रुंद जिना होता. डेकच्या, म्हणजे सर्वांत स्वस्त वर्गाच्या, उतारूंसाठी मागे एक फळी. ती माणसं वळकट्या, पत्र्याच्या पेट्या आणि पाण्याचे फिरकीचे तांबे घेऊन उन्हात रांगेत उभी होती आणि एक डॉक्टर त्यांच्या पापण्या उलटून पाहत होता. आमच्या पापण्या कोणी उलटल्या नाहीत.

केबिनमध्ये माझे दोन सोबती होते. एक पारशी इंजिनिअर, तोंडात सतत चिरूट. दुसरे मोंबासाचे कापडाचे व्यापारी, त्यांना सगळे शेठजी म्हणत. बाहेरच्या बोळात धूम्रपानाचे नियम चौकटीत लावले होते. जेवणाच्या दालनात कॉफी येईपर्यंत कोणी सिगारेट पेटवू नये. बिछान्यावर पडून ओढू नये. वरच्या वर्गांसाठी स्मोकिंग रूम दिवसभर खुली. डेकच्या उतारूंनी मात्र फक्त मागच्या उघड्या कठड्यापाशी ओढावी, खाली निजायच्या जागेत मुळीच नाही.

स्मोकिंग रूमने मला भुलवलं. चामड्याच्या खोल खुर्च्या, पितळेची रक्षापात्रं, आणि सिगारेट ओठाला लावली की पांढऱ्या डगल्यातला वेटर काडी ओढून पुढे झुकायचा. घरी मी वडिलांच्या नजरेआड गोठ्यामागे उभा राहून ओढत असे. इथे पाय लांब करून ओढत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे वरच्या डेकवर मागच्या कठड्याशी उभे होतो. खाली डेकचे उतारू चटया पसरून बसले होते. कोणी भाकरी थापत होतं, कोणी भजन म्हणत होतं. एवढ्यात खालून हाक आली.

"अरे बाबू! तू पन याच बोटीत?"

अर्नाळ्याची कातरीनबाय. आमच्या दारी मासळीची पाटी घेऊन येणारी कोळीण, माझ्या जन्माआधीपासून. मी झालो तेव्हा आईला दूध येईना, म्हणून सव्वा महिना तिने रोज मुशी (लहान शार्क मासा; बाळंतिणीला देतात) आणून दिली, ही गोष्ट आमच्या घरी किती वेळा सांगितली गेली असेल! अर्नाळ्यात कुणाचंही बाळंतपण असो, आधी तिला बोलावणं जाई. आता ती लाल लुगड्यात, गळ्यात जपमाळ, हातात विडी घेऊन माझ्याकडे बघून हसत होती.

"माजा पावलू हाय ना मोंबाशाला! सून अवघडलीय. तिच्या बालंतपनाला चालली मी!"

"तुमची ओळखीची?" शेठजींनी विचारलं.

"छे," मी म्हणालो. "कोणी मासळीवाली दिसते. माणूस चुकली असेल."

आणि मी पाठ फिरवली. एवढं करायला क्षणसुद्धा लागला नाही. खालून पुन्हा हाक आली नाही.

बोट भर समुद्रात आली आणि वारा मागून वाहू लागला. खालच्या विड्यांचा धूर वर आमच्या कठड्यापर्यंत येई. दुसऱ्या वर्गातल्या दोन-तीन बायकांनी जेवताना तक्रार केली. त्याच संध्याकाळी स्मोकिंग रूममध्ये विषय निघाला. खोली धुराने अशी भरली होती की समोरच्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. तिथे बसून पारशी गृहस्थ म्हणाले, "ह्या विडीचा वास असह्य आहे. कॅप्टनला लिहून द्यायला हवं."

"मास्तर लिहितील," शेठजी म्हणाले. "मास्तरांचं इंग्रजी फर्स्ट क्लास."

मी लिहिलं. हातात जळती सिगारेट धरून लिहिलं. नुसत्या वासाची तक्रार हलकी वाटेल, म्हणून आगीचा धोका हा मुद्दा मी स्वतःच्या डोक्यातून काढून घातला. आगीचं नाव घेतलं की साहेबाला नाही म्हणता येणार नाही, हे मला कळत होतं. मजकूर वाचून दाखवला तेव्हा लोकांनी टेबलावर हात आपटून शाबासकी दिली. त्या रात्री मला फार छान झोप लागली, हेही लिहून ठेवतो.

सकाळी हुकूम सुटला. डेकच्या उतारूंना विडी सर्वत्र बंद. सारंग (खलाशांचा मुकादम) आणि दोन खलाशी पोतं घेऊन फिरले आणि प्रत्येकाच्या विड्या, काडेपेट्या जमा करून गेले. मोंबासाला परत मिळतील असं सांगितलं. वरून आम्ही पाहत होतो. कातरीनबायने कनवटीची चंची काढून मुकाट्याने पोत्यात टाकली. वर मान केली नाही. आमच्या खोलीत चिरुटाचा डबा आणि माझ्या सिगारेटी होत्या तशाच होत्या.

त्यानंतरचे दोन दिवस फार सुंदर गेले. उडणारे मासे पाहिले. पाणी असं निळं की त्यात हात घातला तर हात निळा व्हावा. कठड्याशी आता नुसता खारा वारा येत होता आणि बायका समाधानाने लोकरीचं विणकाम करत बसत.

तिसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजली. खलाशी बादल्या घेऊन मागे धावले. खाली निजायच्या जागेत आग लागली होती. ती पाच मिनिटांत विझलीसुद्धा, पण काय झालं ते मग सारंगाकडून कळलं.

विड्या काही सगळ्याच पोत्यात गेल्या नव्हत्या. लोकांनी पेट्यांत, उशांत दडवल्या होत्या. उघड्यावर ओढता येईना, म्हणून ते आता खाली, वळकट्यांच्या आडोशाला बसून ओढत होते. कातरीनबायला बोट लागली होती. विडीचा एक झुरका घेतला की ओकारी थांबते, म्हणून तिने शेजारणीकडून एक मागून घेतली होती. तिची ठिणगी शेजारच्या गोधडीत पडली. त्या गोधडीवर शेजारणीचं तान्हं मूल निजलं होतं. कातरीनबायने मूल उचलून आईकडे दिलं आणि पेटलेला कापूस दोन्ही तळहातांनी दाबून विझवला.

तासाभराने मला बोलावणं आलं. चीफ ऑफिसरला चौकशी करायची होती आणि म्हातारीची भाषा कुणाला समजत नव्हती. अर्ज लिहिणारा मास्तर त्याच मुलखातला आहे, हे कुणीतरी त्याला सांगितलं होतं.

ती स्टुलावर बसली होती. दोन्ही हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. मला पाहून ती उठायला लागली.

"बसा, बसा," मी म्हणालो.

"साहेब," ती म्हणाली.

आयुष्यात तिने मला बाबूशिवाय काही म्हटलं नव्हतं. डेकवर मी पाठ फिरवली होती, त्याचं हे उत्तर होतं. पण त्यात राग नव्हता. मला ओळख नको आहे हे तिने समजून घेतलं होतं, आणि माझी ही गरज ती चारचौघांत सांभाळत होती.

ऑफिसरने विचारलं, हिला बंदी माहीत होती का? मी विचारलं.

"व्हती की. पन सांगा त्यांना साहेब, आमी उगड्यावर वढीत व्हतो तवा काय आग लागली नाय. वारा घेऊन जायचा. वर कोनाच्या नाकाला तरास झाला तर त्यानं खाली हाक मारायची. मी उटून दुसरीकडं बसली असती. एवडंच व्हतं ना?"

ऑफिसर माझ्याकडे पाहू लागला. "काय म्हणते?"

मी इंग्रजीत म्हणालो, "ती म्हणते, चूक झाली. ती एक अडाणी खेडवळ म्हातारी आहे. तिला माफ करावं."

मुलाचं तिने काय केलं, तेही मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर आग का लागली, विडी खाली का गेली, असे प्रश्न निघाले असते आणि दोष माझ्या अर्जाकडे वळला असता. ऑफिसरने दरडावून समज दिली. मोंबासाला उतरू न देता परत पाठवण्याचा विचार होता, पण वयाकडे पाहून सोडतो, म्हणाला. मी ते तिला सांगितलं. दाराबाहेर आल्यावर, बोळात कुणी नाही असं पाहून, ती हळूच म्हणाली, "बाबू, लय उपकार झाले रे."

मी केबिनकडे चालू लागलो.

मोंबासा दिसलं ते पहाटे. पांढरे पोवळ्याचे खडक, त्यांवर नारळी, आणि जुन्या बंदरात अरबांची शिडाची गलबतं. क्षणभर अर्नाळ्यालाच आलो की काय असं वाटलं. अण्णा धक्क्यावर होते. मागच्या फळीवरून एक तरुण म्हातारीला खांद्याला धरून उतरवत होता. अण्णांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"अरे, ती कातरीनबाय ना? तुझ्याच बोटीत होती? हाताला काय झालं तिच्या?"

"गर्दी होती फार," मी म्हणालो. "माझी भेट झाली नाही."

तीन आठवडे अण्णांनी मला खूप हिंडवलं. मोगो (निखाऱ्यावर भाजून मीठ, तिखट, लिंबू चोळलेला कंद) मला इतका आवडला की रोज संध्याकाळी खात असे. पावलू गोदीत फिटर होता, त्याची चाळ अण्णांच्या बंगल्यापासून लांब नव्हती. एका सकाळी मी तिथवर गेलो. दार उघडं होतं. आत तान्ह्या मुलाला न्हाऊ घालणं चाललं होतं. कातरीनबाय भिंतीला टेकून बसली होती, पट्टीतले हात मांडीवर. कोणी परकी शेजारीण मुलाला तेल लावत होती आणि कातरीनबाय तिला सांगत होती, "आसं नाय, पायावर घे. डोस्कं धर. आगं, डोस्कं धर!" मध्येच तिचे हात आपोआप पुढे व्हायचे आणि ती ते मागे घ्यायची.

मी दारातून परत फिरलो.

जूनमध्ये घरी आलो. परतीच्या बोटीवर मी सिगारेट सोडली होती. बायकोला आनंद झाला, वडिलांनी तर चारचौघांत माझं उदाहरण दिलं. आगाशीच्या वाचनालयात प्रवासावर बोलायला बोलावलं तेव्हा मी उडणारे मासे सांगितले, मोगो सांगितला, स्मोकिंग रूमची नक्कल करून लोकांना हसवलं. बाकीचं सांगितलं नाही.

दिवाळीनंतर कातरीनबाय परत आल्याचं कळलं. आठवडाभर टाळाटाळ करून शेवटी एका रविवारी मी सायकलने अर्नाळ्याला गेलो. देवळातली (चर्चमधली) मिस्सा नुकतीच सुटली होती. ती किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या दोऱ्यांखाली, चार-पाच बायकांत बसली होती. तळहातांची कातडी गुलाबी, चकचकीत झाली होती आणि उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. मला पाहताच तिने सगळ्यांना हाका मारल्या.

"आगं, हाच तो! यानंच मला गोऱ्या सायबापुढं सोडवलं. नायतर नातू न बगताच परत आली असती मी."

बायका माझ्याकडे कौतुकाने पाहू लागल्या. एकीने उठून बसायला पाट दिला. मी उभाच राहिलो.

"बाय," मी म्हणालो, "विड्या बंद करायचा अर्ज मीच लिहिला होता. आणि तुझं बोलणं मी साहेबाला सांगितलंच नाही. तुला अडाणी म्हणालो."

तिला चटकन समजलं नाही. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. ती हातातला बोंबील उलटा-सुलटा करत राहिली.

"सा महिने झाले," ती अखेर म्हणाली, "मी मोंबाशाला सांगितलं, पावलूच्या सासरी सांगितलं, हितं आल्यावर फादरला सांगितलं, आपला मास्तर देवमानूस हाय. आता त्यांना सगल्यांना मी काय सांगू?"

"खरं ते सांग."

"मी कशाला सांगू? मला लाज वाटते. तू सांग. हितंच सांग. आनि विंग्रजीत नको."

मिस्साहून परतणारी माणसं तिने हाका मारून थांबवली. वीसेक जण जमले असतील. वर्गात शिकवायचा सराव इतक्या वर्षांचा, पण पहिलं वाक्य तोंडातून निघेना. मग निघालं. डेकवर पाठ फिरवल्यापासून चाळीच्या दारातून परत आल्यापर्यंत सगळं सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. कुणी समजूतही घातली नाही. एका म्हाताऱ्या कोळ्याने फक्त विचारलं,

"मास्तर, अर्ज लिवताना तुमी काय वढीत व्हते?"

"सिगारेट."

"कुटं बसून?"

"आत. खुर्चीत."

त्याने मान हलवली आणि तो होडीकडे निघून गेला. एकेक करून बाकीचेही गेले. कातरीनबाय पुन्हा बोंबलांकडे वळली.

बोलल्यावर हलकं वाटेल असा माझा समज होता. तसं काही झालं नाही. सायकल हातात धरून मी आगाशीपर्यंत चालत आलो. वाचनालयात ज्यांनी माझं भाषण ऐकलं, त्यांनी उरलेला भाग अर्नाळ्याच्या लोकांकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐकावा, म्हणून हे वर्णन वाचनालयासाठी इथे पुरं लिहून काढलं आहे.