पिवडीची हळद

बाळांनो, मी पाठवलेलं हळदीचं पाकीट तुमच्या विमानतळावर अडवून तपासायला नेलं, म्हणून परवा फोनवर तुम्ही त्या अधिकाऱ्याला नावं ठेवलीत. ठेवू नका. का, ते आता सांगायलाच हवं.

सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी कुंडलजवळच्या या गावात आले. शेतात हळद होती. ती शिजवायची, वाळवायची आणि लोखंडी पिंपात घालून फिरवायची, म्हणजे साल निघून चकाकी येते. शेवटच्या फेऱ्यांत आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाण्यात कालवलेली पिवडी हातानं शिंपडायच्या. पिवडी म्हणजे पिवळा रंग. बेंदराला बैलांच्या शिंगांना लावतात तोच. सगळेच घालत. बाजारात गिऱ्हाईक पिवळ्याधमक हळदीकडंच वळे.

त्या वर्षी अडत्यानं आमचा माल परदेशी पाठवायला घेतला. पुढं एका दुपारी तो सोप्यात येऊन बसला. चहाला हात लावेना.

"आबा, माल परत आला. पिवडीतलं शिसं हाय त्यात म्हणत्यात. तिकडं खाण्यात चालत न्हाई."

मामंजी, म्हणजे माझे सासरे, हसले. "आवं शेठ, आमी जन्मभर खातोय. मेलो का?"

उंबऱ्याशी आत्याबाई पोट दाबून बसल्या होत्या. कित्येक महिने त्यांना कळा येत. अलीकडं मनगट लुळं पडलं होतं, भाकरी थापता येत नव्हती. सांगलीच्या डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकले होते. शिसं शरीरात साठून राहतं, पोटात कळा आणतं, हाताच्या नसा लुळ्या करतं, हे मला ठाऊक होतं. माझ्या हातात हळदीच्या दुधाचा पेला होता आणि पोटात तुमचा बाबा.

"मग त्या मालाचं करायचं काय?" मामंजींनी विचारलं.

"हितल्या बाजारात खपंल की. हितं कोण तपासतंय?"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. पेला घ्यायला हात पुढं केला, पण बोटं मिटेनात. मग कोपरानंच त्यांनी तो उडवला. सारवलेल्या जमिनीवर पिवळं दूध पसरलं.

"सूनबाई, ह्या घरात आता रंगाची हळद यायची न्हाई."

पोती मात्र संध्याकाळी गाडीत चढली. वर्षाचं पीक उकिरड्यावर टाकायला मामंजींचं मन धजेना. ती हळद कुठल्या बाळंतिणीच्या दुधात गेली, आम्हाला कधीच कळलं नाही. पुढं गावात कुणाचं पोट दुखतंय असं कानावर आलं, की मामंजी भरल्या ताटावरून उठत.

तुमचा बाबा धडधाकट जन्मला. तरी कितीतरी दिवस मी त्याच्या मुठीत माझं बोट देऊन बघत असे, धरतो का. आत्याबाईंचा हात काही सुधारला नाही. परसात त्यांनी घरापुरती एक सरी लावून घेतली. ती हळद पिंपात कधी गेली नाही; गोणपाटावर घासायची, बस. दिसायला मळकट.

तेच बियाणं मी अजून दर वर्षी लावते. तुमच्या पाकिटात तीच हळद आहे.